पेल्यावर चार ठोके

१

सकाळी सातला मी प्रयोगशाळेचं कुलूप काढतो. माझ्या आधी तिथे कुणी येत नाही. आतल्या खोलीच्या दारात जमिनीवर एक पांढरी चिकट चटई असते. पायांची धूळ तिला चिकटते, आत जात नाही. तिला वहीच्या पानांसारखे थर असतात. कालचा थर सोलून टाकायचा, खाली नवा कोरा निघतो. हे माझं पहिलं काम. मग आतल्या चपला, डगला, टोपी, मुखपट्टी. मग चटईवरून आत. तिथे उबेची चार कपाटं आहेत. त्यांच्या तळाशी पाण्याचे ट्रे असतात, ते बघायचे. मग गॅसचे काटे.

मी फिटर. सातवीपर्यंत शिकलो. चाळीस वर्षं कारखान्यात यंत्रं जोडली. निवृत्तीनंतर घरी बसणं जमेना. सून या प्रयोगशाळेत संशोधन करते. इथे यंत्रांवर लक्ष ठेवायला माणूस हवा होता, तिने माझं नाव सुचवलं. वशिल्याने लागलो असं कुणी म्हणू नये म्हणून सांगतो, एका कपाटाचं दार दोन वर्षं नीट लागत नव्हतं. ते मी पहिल्याच दिवशी बसवलं.

इथे काय चालतं ते सुनेने मला एकदा सांगितलं. मला दुसऱ्यांदा सांगावं लागत नाही. माणसाच्या कातडीचा मसुराएवढा तुकडा घेतात. त्यातल्या पेशींना मागे मागे नेतात. इतक्या मागे, की आपण कातडी होतो हे त्या विसरतात. त्यांना मूलपेशी म्हणतात. मग त्यांना मेंदूच्या पेशी व्हायला शिकवतात, डोपामिन बनवणाऱ्या. कंपवात झालेल्या माणसाच्या डोक्यात नेमक्या याच पेशी मरतात. का मरतात, ते इथे प्लेटमध्ये बघायचं.

माझी बायको कंपवाताने गेली. तिनेही कातडी दिली होती. प्लेटवर नाव लिहीत नाहीत, नुसता नंबर. कुणाचा कुठला नंबर हे काम करणाऱ्यांना सांगायचं नाही, असा नियम आहे. पण दवाखान्यात नळीवर चिठ्ठी लावली तेव्हा मी तिच्या शेजारी उभा होतो. सतरा. ती जाऊन आठ महिने झाले. सतरा नंबर तिसऱ्या कपाटात, दुसऱ्या फळीवर वाढत होता.

एका मंगळवारी काचसामान धुणारी मावशी कमरेवर हात ठेवून दारात उभी राहिली.

"फिटरबुवा, अनवाणी कशाला फिरता हो?"

"कोण अनवाणी?"

"मग चटईवर पाय कुणाचा? बोटांसकट उमटलाय. मॅडम बघतील आणि मलाच बोलतील."

"मी घरातसुद्धा अनवाणी फिरत नाही."

"बरं, मग माझाच असेल. एवढा लांब पाय असता तर वरच्या फळीला हात तरी पुरला असता माझा!"

ती हसत निघून गेली. मी जाऊन बघितलं. माझ्या चपलांचे चौकटीचे ठसे होते. त्यांच्या मागे, दीड वीत अंतरावर, एक उघडं पाऊल. आत जाणारं.

त्या दिवशी तोवर आत मी एकटाच गेलो होतो.

थर सोलला, गोळा करून टाकून दिला. कुणीतरी थट्टा करतंय, असं म्हटलं आणि कामाला लागलो.

२

शेवटच्या वर्षात बायकोचा आवाज गेला होता. ओठ हलायचे, शब्द बाहेर पडायचा नाही. "अहो" एवढंसुद्धा नाही. मग मी एक पद्धत लावून दिली. तिच्या उशाशी स्टीलचा पेला ठेवला. बोटात अंगठी होतीच. एक ठोका म्हणजे इकडे या. दोन म्हणजे पाणी. तीन म्हणजे नको.

"याहून जास्त माणसाला काही लागत नाही," मी म्हणालो. ती हसली. तिचा चेहरा तेव्हा हलत नसे, पण मला कळायचं.

थरथरत्या हाताने ठोके मोजून देणं सोपं नाही. ती द्यायची. डाव्या हाताने उजवं मनगट घट्ट धरून द्यायची. एकदाही चुकली नाही.

त्या सकाळी मी दाढी करत होतो. आमचं बेसिन खोलीबाहेरच्या बोळात आहे, तिच्या खाटेवरून समोर दिसतं. आरसा तळहाताएवढा. त्यात एका वेळी एकच गाल दिसतो. मागून ठोके आले.

चार.

चार असं काही ठरलं नव्हतं. हात घसरला असेल, म्हटलं. पातं पुन्हा गालाला लावलं. पुन्हा चार. स्वच्छ, सारख्या अंतराचे.

"ठरल्याप्रमाणे वाजव," मी न वळता ओरडलो. "पाणी हवं तर दोन. उगाच पेला बडवू नकोस."

पुन्हा चार. जोरात.

मला राग आला. मी दाढी पुरी केली. तोंड धुतलं, टॉवेल घडी करून ठेवला, मग वळलो. ती गेली होती. मनगट धरलेलंच होतं. डोळे उघडे. मला वाटलं माझ्याकडे बघतेय. मी चालत खाटेपाशी गेलो, पण नजर जिथे होती तिथेच राहिली. बेसिनकडे. मी उभा होतो त्या जागेच्या थोडं मागे.

हे मी कुणाला सांगितलं नाही. मुलगा जहाजावर असतो, त्याला नाही. सुनेलाही नाही. मी दाढी पुरी केली, हे कसं सांगणार?

३

प्रयोगशाळेत एक छोटी खोली आहे. तिच्यात पेशींचं ऐकण्याचं यंत्र आहे. त्या प्लेटांच्या तळाशी केसाहून बारीक तारा असतात. पेशीत वीज चमकली की पडद्यावर उभी रेघ उमटते आणि स्पीकरमध्ये टक वाजतं. डोपामिनवाल्या पेशींची चाल संथ असते. टक, टक, टक, भिंतीवरच्या घड्याळासारखी. सून म्हणते, इतर पेशी गोंगाट करतात, या मात्र शिस्तीच्या. मला ते आवडलं होतं.

बुधवारी तिने मला हाक मारली. "बाबा, स्पीकर घूं करतोय. जरा बघता?"

ती बैठकीला गेली. मी खोलीत शिरलो. यंत्रावर प्लेट होती, तिच्यावर सतरा लिहिलेलं. टक, टक, टक चालू होतं. मी पाठीमागचं झाकण काढायला वाकलो आणि आवाज थांबला.

मग चार ठोके. मग थांबला. मग चार.

पेचकस माझ्या हातातच राहिला.

मी घाबरलो असं मी सहसा म्हणत नाही. मी कारण शोधलं. ढिली तार असेल. सगळ्या तारा आवळल्या. चार. लिफ्टची मोटर असेल. बाहेर जाऊन पाहिलं, लिफ्ट बंद होती. अर्थिंग तपासलं. ठीक होतं. प्लेट बदलून बघितली, नऊ नंबर लावला. नऊ नंबर संथ चालला, मी दहा मिनिटं उभा राहिलो तरी संथच. पुन्हा सतरा लावला.

चार.

कारखान्यात आम्ही म्हणायचो, यंत्र खोटं बोलत नाही, बसवणारा बोलतो. इथे बसवणारा मीच होतो.

"पाणी हवंय?" मी विचारलं. इतक्या हळू, की मुखपट्टीच्या बाहेर गेलं नसेल.

तीन ठोके. नको.

मी झाकणाचे स्क्रू न लावताच बाहेर आलो.

४

दुसऱ्या दिवशी सुनेने मला पडद्यापाशी बसवलं.

"बाबा, रागावू नका. एक विचारू?"

"विचार."

"ही कालची नोंद. सकाळपासून सरळ चाललंय. इथे, सव्वाअकराला, चार-चारचे गठ्ठे पडलेत. तुम्ही आत आलात तेव्हा. परवाही तसंच, गॅस बघायला आला होतात तेव्हा. मी दिवसभर इथे बसते, मला एकदाही नाही."

"मग?"

"तुमचं कानातलं यंत्र. त्यातून लहरी निघतात. तारा फार नाजूक आहेत हो."

मला इतकं हलकं वाटलं की हसूच आलं. "एवढंच ना? म्हातारा पेशींनासुद्धा छळतो म्हण."

"मी असं म्हटलं का? तुमचा मुलगा म्हणतो तसं."

मी यंत्र कानातून काढलं. बाहेर जाऊन मावशीच्या हातात दिलं. परत आलो. आता मला काही ऐकू येत नव्हतं. खोली कापसात गुंडाळल्यासारखी झाली. पडदा मात्र दिसत होता. रेघा संथ चालल्या होत्या. मी खुर्चीमागे उभा राहिलो.

चार रेघा. जागा. चार रेघा. जागा.

सुनेने मान वळवून माझ्याकडे बघितलं. तिचे ओठ हलले. मला ऐकू आलं नाही. मग तिची नजर माझ्या खांद्यावरून मागे गेली, क्षणभरच, आणि परत माझ्यावर आली.

मी बाहेर आलो, यंत्र कानात घातलं.

"काय बघत होतीस माझ्या मागे?"

"काही नाही. दार आपोआप लागतं ना, ते अर्ध्यावर थांबलं होतं. बघा एकदा."

मी दार बघितलं. त्यात काहीही बिघाड नव्हता.

जाताना चटईवर थांबलो. मला बघायचं नव्हतं, पण बघितलं. सकाळी आत गेलो तेव्हा माझ्या मागे आत जाणारं पाऊल. कान काढून ठेवायला बाहेर आलो तेव्हा माझ्या मागे बाहेर येणारं. पुन्हा आत. दरवेळी माझ्या मागे, आता एका वितीवर.

ती असेल, असं मनात आलं होतं. ते कबूल करतो. ती असती तर मी घाबरलो नसतो. पण आजारात तिची पायाची बोटं आत वळली होती, मीच रोज तेल लावून सरळ करायचो. ही बोटं सरळ होती. लांब. आणि टाच टेकलेलीच नव्हती. कुणीतरी चवड्यांवर चालत होतं, आवाज होऊ नये म्हणून.

५

चार म्हणजे काय, हे तेव्हा मला कळलं. तिच्यापाशी तीनच शब्द होते. मीच दिले होते. माझ्या मागे जे उभं होतं त्यासाठी तिच्यापाशी शब्द नव्हता, म्हणून तिने चौथा केला. आणि मी ओरडलो, नीट वाजव.

त्यानंतर मी रोज सतरा नंबरपाशी जायचो. काम काढून जायचो. ती सांगेल तेवढा वेळ ते माझ्या मागे आहे, एवढं तरी कळत होतं. ठोके सावकाश असले की लांब. घाईचे असले की जवळ. घरी हे कळायची सोय नव्हती. घरी मी भिंतीला पाठ लावून बसायचो. दाढी करणं सोडून दिलं. सून म्हणाली, "छान दिसते, राहू द्या."

आणि याच दिवसांत माझ्या हातून चूक झाली. चाळीस वर्षांतली पहिली.

कपाटातल्या ट्रेमधलं पाणी दर सोमवारी पूर्ण बदलायचं असतं. जुनं ओतायचं, ट्रे घासायचा, निर्जंतुक पाणी भरायचं. त्यासाठी गुडघ्यांवर बसून डोकं कपाटात घालावं लागतं, पाठ खोलीकडे करून. पंधरा मिनिटं. तीन सोमवार मी ते केलं नाही. उभ्या उभ्या वरून थोडं पाणी ओतलं आणि दार लावलं. वहीत मात्र 'बदललं' असं लिहिलं.

चौथ्या सोमवारी सुनेने मला बोलावलं. तिसऱ्या कपाटाचं दार उघडं होतं. ट्रेच्या कडेला करडी लव आली होती. बुरशी. फळीवरच्या प्लेटांतही कापसाचे ठिपके.

"पाणी बदललं होतंत ना, बाबा?"

"नाही," मी म्हणालो. "खोटं लिहिलं."

ती रागावली असती तर बरं झालं असतं. ती नुसती खाली बसली. "तीन महिन्यांचं काम होतं. सगळं ओतून द्यावं लागेल. आजच. नाहीतर बाकीची कपाटंही जातील."

"सतरा पण?"

"सतरा पण."

६

खराब प्लेट मारायची रीत आहे. ब्लीच ओतायचं, वीस मिनिटं ठेवायचं, मग मोरीत. ते काम माझं. सून म्हणाली, "हे राहू द्या. मी करते."

"माझं काम आहे."

"बाबा, मला माहीत आहे सतरा कोण ते."

मी तिच्याकडे बघितलं.

"कुणी सांगितलं नाही. नियम मोडला नाही कुणी. पण तिसऱ्या कपाटाचं दार तुम्ही बाकीच्यांपेक्षा हळू लावता."

"मग मला दोन मिनिटं दे. त्या यंत्रावर."

"बुरशीची प्लेट?"

"झाकण लावून ठेवतो. यंत्र मी पुसून देईन. दोन मिनिटं."

तिने दिली. स्वतः बाहेर थांबली.

मी प्लेट बसवली. खुर्चीत बसलो. खोलीत थंड हवेच्या झडपेचा आवाज होता आणि त्याखाली टक, टक, टक. मग ते थांबलं. चार. चार. चार. मध्ये जागाच उरली नाही.

"कळलं," मी म्हणालो. "तेव्हा नाही कळलं, आता कळलं. माझी चूक."

चार. चार.

"किती जवळ आहे? वळून बघू?"

तीन.

मी मान थोडी हलवली असेन, जाणूनबुजून नाही.

तीन. तीन. तीन. तीन. स्पीकर फाटेल असं.

तेवढ्यात पडदा काळा झाला. बराच वेळ कुणी हात लावला नाही की तो विझतो. काळ्या काचेत मी दिसलो. टोपी, मुखपट्टी, मधे डोळे. आणि माझ्या टोपीच्या वर आणखी काही होतं. उंच. माझ्यावर वाकलेलं, आई मुलाच्या वहीत बघायला वाकते तसं. त्या खोलीत मुखपट्टीशिवाय कुणी येत नाही. त्याला मुखपट्टी नव्हती. मुखपट्टी बांधावी असं तिथे—

मी डोळे मिटले. स्पीकरमधून तीन येत राहिले. मी वळलो नाही. पंचेचाळीस वर्षांच्या संसारात तिचं 'नको' मी पहिल्यांदा ऐकलं.

दार वाजलं. सून म्हणाली, "बाबा, झाली दोन मिनिटं." मानेवरचा गारवा गेला.

ब्लीच मी ओतलं. प्लेटमधलं पेशींच्या खाद्याचं लाल पाणी आधी पिवळं झालं, मग बिनरंगाचं. वीस मिनिटं मी मोरीपाशी उभा राहिलो, भिंतीला पाठ लावून. मग ती ओतून दिली. प्लेट हलकी होती. काहीच नव्हतं तिच्यात, असं वाटावं इतकी.

सुनेने माझ्या खांद्यावर हात ठेवला. "सतरा संपलेली नाही, बाबा. नायट्रोजनच्या टाकीत कुप्या आहेत, गोठवलेल्या. उद्याच एक काढते. पण मूलपेशींपासून सुरुवात करायची, मग शिकवायचं. बोलायला लागायला साठ दिवस."

"साठ?"

"कमी नाही होत हो. घाई केली तर त्या भलतंच काहीतरी बनतात."

तिने पाण्याचं काम माझ्याकडून काढून घेतलं नाही. तो तिचा मोठेपणा. आता दर सोमवारी मी गुडघ्यांवर बसतो, डोकं कपाटात घालतो, ट्रे घासतो. पंधरा मिनिटं, मोजून. मान वळवत नाही. मला सांगणारं कुणी नाही, म्हणून शेवटी सांगितलं तेवढंच धरून आहे. नको.

चटईचा थर रोज सकाळी सोलतो. आत जातो, बाहेर येतो, खाली बघतो. तेवढं बघायला मान वळवावी लागत नाही.

आज तेविसावा दिवस. आज चटईवर माझ्या टाचेचा ठसा अर्धाच उमटलाय. उरलेल्या अर्ध्यावर बोटं आहेत.